सारजाचं मूठभर पीठ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं, आणि त्याला सांगणाऱ्याने तर विचारूच दिलं नव्हतं.

एका डोंगराच्या पायथ्याशी चाळीस उंबऱ्यांचं एक गाव होतं. गावातली सगळी माणसं प्रभू येशूला मानणारी. मधोमध एक लहानसं दगडी देऊळ होतं. आत एक लाकडी क्रूस, एक मेज आणि बसायला चटया, एवढंच सामान. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या मेजाभोवती गाव जमायचं आणि प्रभुभोजन व्हायचं.

त्या भोजनाची भाकर एकच असे, पण पीठ मात्र सगळ्या घरांचं. आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी दुपारी, प्रत्येक घरातली बाई आपल्या पिठाच्या डब्यातून एक मूठ काढायची आणि रिबकाबाईच्या ओसरीवर आणून द्यायची. कुणाची ज्वारी, कुणाची बाजरी. कुणाचं दळण जाडं, कुणाचं बारीक. रिबकाबाई ते सगळं आपल्या मोठ्या लाकडी काठवटीत एक करायची आणि रविवारी पहाटे त्याची एक जाड, रुंद भाकर थापायची. देवळातली उपासना चालवणारे पाळकबाबा ती मोडताना म्हणायचे, “घराघरातली मूठ इथं एक झाली. तसेच आपणही एक होऊ या.”

दुसरीही एक चाल होती. शनिवारी ऊन कलल्यावर जो तो दुसऱ्याच्या दारात जायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहायचा आणि विचारायचा, “माझ्याविषयी मनात काही?” घरातलं माणूस म्हणायचं, “काही नाही. तुझ्या?” तो म्हणायचा, “काही नाही.” मन असं झाडून घेतल्याशिवाय प्रभूच्या मेजाशी जायचं नाही, असा वाडवडिलांचा नेम होता.

नेम चांगलाच होता. पण चांगल्या नेमालाही माणसं किती दिवस पुरतात? हळूहळू लोक उंबऱ्यापर्यंत जाईनासे झाले. रस्त्यातूनच ओरडायचे, “काही नाही ना?” आतून उत्तर यायचं, “काही नाही, काही नाही!” गावातला सुतार तर आपल्या सख्ख्या भावाला कुंपणावरून नुसता हात हलवायचा. बांधावरून दोघांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं, पण शनिवारचा हात कधी चुकला नाही. खुद्द पाळकबाबा आपल्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मान डोलवायचे. सगळ्यांच्या मनात सगळ्यांविषयी काही नाही, म्हणजे आपलं गाव किती चांगलं, असं गावाला वाटायचं.

आता रिबकाबाईविषयी सांगतो, कारण गोष्ट तिची आहे.

रिबकाबाई तीस वर्षं ती भाकर करत होती. सासूच्या हातून काठवट तिच्याकडे आली तेव्हा ती नवी सून होती. पहिल्या वेळी पीठ मळताना तिचे हात थरथरले होते आणि ओठांवर प्रार्थना होती. पण तीस वर्षांत हात सरावले आणि ओठ मोकळे झाले. आता पीठ मळता मळता कुणाची सून कशी, कुणाचं पीठ किती जाडं, हे शेजारणीला सांगून व्हायचं. देवळात ती पहिल्या चटईवर बसायची. उपासना तिने कधी चुकवली नव्हती, कुणाचं काही उचललं नव्हतं, आणि आपण चांगले आहोत याविषयी तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तिच्या आयुष्यात एकच काळा दिवस होता, आणि तो दुसऱ्या एका बाईने आणला होता. त्या बाईचं नाव सारजा.

बारा वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला होता. सारजाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि तीन दिवस तिच्या घरी चूल पेटली नव्हती. शनिवार आला. घराघरातली मूठ रिबकाबाईच्या ओसरीवर जमली. दुष्काळातही लोकांनी पोटाला चिमटा घेऊन पीठ दिलं होतं. सारजाकडे द्यायला काही नव्हतं. ती रित्या हातांनीच सांगायला आली, आणि ओसरीवर कुणी नाही, समोर काठवट भरलेली, असं तिने पाहिलं. तिने पदर पसरला, सगळं पीठ त्यात ओतलं आणि ती पळाली.

दुसऱ्या दिवशी रिबकाबाई रिकामी काठवट घेऊन देवळात उभी राहिली. त्या महिन्यात प्रभुभोजन झालंच नाही. सारजा तोवर नवऱ्याला पाठीवर घेऊन गाव सोडून गेली होती. तिला “पीठचोर” हे नाव पहिल्यांदा ठेवलं ते रिबकाबाईने. मग गावानेही तेच उचललं.

बारा वर्षांनी सारजा परत आली. नवरा वाटेतल्याच कुठल्याशा गावी वारला होता. केस पांढरे झालेले, हातांना लोकांची दळणं दळून घट्टे पडलेले. ती देवळात आली नाही. बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून आतली गाणी ऐकायची आणि उपासना सुटायच्या आत उठून जायची. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी पाळकबाबा उपासना अर्धी सोडून बाहेर आले आणि तिच्याशेजारी मातीत बसले.

“आत का येत नाहीस, बाई?”

“कोणत्या तोंडाने येऊ, बाबा? मी प्रभूची भाकर पळवली.”

“मग आता तरी त्याच्या हातून घे की.”

सारजा रडली. मग ती आत आली आणि सगळ्यांसमोर, एकही शब्द न लपवता, तिने आपला अपराध सांगितला. ती थांबली तेव्हा कुणीतरी गाणं धरलं. मग दुसऱ्याने धरलं. सगळं देऊळ उभं राहून गाऊ लागलं. बायांनी तिला मिठीत घेतलं, डोळे पुसले, आणि तिला पहिल्या चटईवर बसवलं. रिबकाबाईच्या शेजारीच.

रिबकाबाईही उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण गळ्यातून सूर निघत नव्हता.

‘तीस वर्षं,’ ती मनात म्हणाली. ‘तीस वर्षं मी चुलीपुढे धूर खाल्ला. माझ्यासाठी कुणी असं उभं राहून गायलं? हिने चोरी केली, हिला गाणं. मी राखण केली, मला काय?’

त्या दिवसापासून तिच्या पोटात दुखू लागलं. हे दुखणं वैद्याला दाखवण्यासारखं नव्हतं. सारजा हसली की दुखायचं. कुणी सारजाचं नाव काढलं की दुखायचं. आणि नाव तर उठता-बसता निघत होतं. कुणाचं लेकरू तापलं की सांगावा सारजाला, कारण ती उशाशी बसून प्रार्थना करायची ती काळजातून. कुणाची सून माहेरी रुसून बसली की समजूत घालायला सारजा. शनिवारी बाया पीठ द्यायला रिबकाबाईच्या ओसरीवर यायच्या आणि बोलायच्या सारजाविषयी. “कालच्या सभेत काय सुरेख बोलली नाही?” असं म्हणत मूठ काठवटीत सोडायच्या. रिबकाबाई “हो ना,” म्हणायची आणि पीठ असं दाबायची की काठवट कुरकुरायची.

हेवा फार हुशार असतो, बरं का. तो स्वतःचं खरं नाव कधीच सांगत नाही. रिबकाबाईला त्याने सांगितलं, ‘हा हेवा नाही, ही देवळाची काळजी आहे. चोराचं पीठ प्रभूच्या भाकरीत कसं घालायचं?’

पहिल्या शनिवारी सारजा आपली मूठ घेऊन आली. ओंजळीत पान, पानावर पीठ. बारीक, दोनदा चाळलेलं. तिने ते दोन्ही हातांनी पुढे केलं.

“बाई, माझी मूठ.”

“ठेव तिथं,” रिबकाबाई म्हणाली.

सारजा गेली. रिबकाबाईने पान उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि परसात जाऊन ते पीठ कोंबड्यांपुढे झटकलं. खरं तर अशा गोष्टीत कोंबडीने बोलायला हवं. पण ही कोंबडी शहाणी होती. ती खाऊन गप्प बसली.

ऊन कलल्यावर सारजा पुन्हा दारात आली, कारण ती चाल अजून जुन्या पद्धतीने पाळत होती. थेट उंबऱ्यापर्यंत यायची.

“बाई, माझ्याविषयी मनात काही?”

“काही नाही,” रिबकाबाई म्हणाली. “तुझ्या?”

“काही नाही.”

दुसऱ्या दिवशी भाकर झाली. कुणाला काही कळलं नाही. कळणार कसं? चाळीस मुठींतली एक कमी झाली तर भाकरीला काय फरक पडतो? रिबकाबाईने सारजाकडे चोरून पाहिलं. सारजाने तुकडा दोन्ही हातांत घेतला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रिबकाबाईला वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं. ‘रड,’ ती मनात म्हणाली. ‘तुझं त्यात काही नाही.’

मी तुम्हाला वचन दिलेलं नाही की या गोष्टीतली माणसं गोड असतील.

दुसऱ्या महिन्यात कोंबड्या रिबकाबाईच्या पावलांचा आवाज ऐकून धावत आल्या. तिसऱ्या महिन्यात तिने इकडेतिकडे पाहिलंही नाही. चौथ्या महिन्यात ती पान झटकता झटकता शेजारणीशी बोलत होती. एकदा केलेलं पाप बोचतं, पाच वेळा केलेलं अंगवळणी पडतं. दर शनिवारी “काही नाही” म्हणायचं आणि दर रविवारी पहिल्या चटईवर बसायचं, हे तिला आता अगदी सहज जमत होतं.

सहाव्या महिन्यातल्या शनिवारी सारजा पीठ घेऊन आली, ती लगेच परत गेली नाही. ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली.

“बाई, तुम्हाला एक सांगायचं होतं.”

“बोल.”

“मी परत आले ना, तेव्हा पाळकबाबांनी आत घेतलं, गावाने जवळ केलं, सगळं झालं. पण भाकरीला हात लावायचं धाडस होत नव्हतं. वाटायचं, ही तर मी पळवली होती, आता कशी घेऊ? मग मनाशी म्हटलं, आता आपलीही मूठ त्यात आहे. रिबकाबाईंनी आपल्या हाताने कालवली आहे. ज्यांचं मी नुकसान केलं, त्यांनीच. त्या जोरावर हात पुढे करते, बाई. नाहीतर मला ते जमलं नसतं.”

आणि ती खाली वाकली, तिने काठवटीच्या कडेला नुसतं बोट लावलं आणि निघून गेली.

रिबकाबाई ते पान हातात घेऊन उभी राहिली. परसात कोंबड्या वाट पाहत होत्या. तिचे पाय तिकडे वळेनात.

तिला एकाएकी लख्ख दिसलं. सारजाने पीठ नेलं ते भुकेपायी, घरात मरणाला टेकलेलं माणूस होतं म्हणून. आपण नेलं ते भरल्या पोटी. सारजाने एकदा नेलं. आपण पाच वेळा. सारजा पळून तरी गेली. आपण पहिल्या चटईवर जाऊन बसलो. मग या दोघींत पीठचोर कोण? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे ती कितीतरी सुनांना ऐकवत आली होती.

त्या दिवशी तिने सारजाचं पीठ काठवटीत घातलं. वर आपल्या डब्यातल्या आणखी पाच मुठी घातल्या, आधीच्या पाच महिन्यांच्या. गुपचूप केलेलं गुपचूप निस्तरता येतं का, ते तिने करून पाहिलं. पण रविवारी पाळकबाबा भाकर मोडून “घराघरातली मूठ इथं एक झाली” म्हणाले, आणि रिबकाबाईचा हात पुढे झालाच नाही. पोट बरं नाही असं सांगून तिने भाकर पुढच्या चटईकडे सरकवली.

यानंतर रिबकाबाईने काय काय केलं, ते ऐका. तिने आठवड्यातून दोन उपास धरले. रोज देऊळ झाडलं. आपलं नवं लुगडं एका गरीब बाईला दिलं. चालताना मान खाली घातली, बोलणं कमी केलं. जमिनीवर झोपली. एवढं सगळं केलं, फक्त सारजाच्या दारात मात्र ती गेली नाही. तिथं जायचं सोडून दुसरं कितीही कठीण काम सांगा, ती करायला तयार होती.

गंमत पाहा. गाव तिच्याकडे पाहू लागलं. “रिबकाबाई किती नम्र झाल्या!” लोक म्हणू लागले. सभेत पाळकबाबांनी तिचं नाव घेऊन सांगितलं, “असं झिजावं प्रभूसाठी.” बायांनी वळून तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं. तीस वर्षं जे मिळावं म्हणून ती आतल्या आत जळली, ते शेवटी मिळालं. आणि ते मिळालं तेव्हा तिला जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं.

शेवटी प्रभुभोजनाच्या आधीच्या एका शुक्रवारी ती पाळकबाबांकडे गेली.

“बाबा, माझ्या ओळखीची एक बाई आहे.”

“असेल,” पाळकबाबा म्हणाले. ओळखीच्या बाईच्या गोष्टी त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या.

“तिने एकीचं वाईट केलं. कुणाला ठाऊक नाही. आता ती उपास करते, झाडलोट करते, रोज रडते. पण मनावरचा धोंडा काही हलत नाही. तिने आणखी काय करावं?”

पाळकबाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे खोल गेले होते.

“त्या बाईला माझा निरोप सांग,” ते म्हणाले. “म्हणावं, वाईट एकीचं केलंस आणि दार दुसऱ्याचं का वाजवतेस?”

“जिचं वाईट केलं ती हाकलून देईल, बाबा.”

“देईलही.”

“सगळं गाव त्या बाईला चोर म्हणेल. तिचं काम काढून घेतील.”

“घेतीलही.”

“मग?”

“मग काय! रडण्यात आणि उपासात ती आणखी दहा वर्षं काढू शकेल. पुष्कळ लोक काढतात. अपराधाचं ओझं वाहणंही एक सवयच होते, रिबकाबाई. ते वाहतोय म्हणजे काहीतरी करतोय, असं वाटत राहतं.”

रिबकाबाई उठली. आपण नाव सांगितलं नव्हतं आणि बाबांनी घेतलं, हे तिला घरी पोहोचल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. ऊन कललं. गल्लीत नेहमीचा गलबला सुरू झाला, “काही नाही ना?” “काही नाही, काही नाही!” सुतार कुंपणावरून हात हलवत होता. रिबकाबाई डोक्यावरून पदर घेऊन चालत निघाली. सारजा आपल्या दारात सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती. रिबकाबाई तिच्या उंबऱ्याशी उभी राहिली.

“माझ्याविषयी मनात काही?”

सारजा हसली. “काही नाही, बाई. तुमच्या?”

रिबकाबाईला उत्तर ठाऊक होतं. एकच शब्द होता. गेल्या किती वर्षांत त्या गावात कुणी तो उच्चारला नव्हता.

“आहे,” ती म्हणाली.

सारजाच्या हातातलं सूप थांबलं. कुंपणाशी उभा असलेला सुतार वळून पाहू लागला. पलीकडची बाई दारात आली.

“काय म्हणाल्या?”

“आहे म्हणाल्या!”

“असं म्हणता येतं?”

हा हा म्हणता गल्ली जमली. रिबकाबाई उभी, सारजा बसलेली, आणि पुढे काय करायचं ते कुणालाच ठाऊक नाही. “काही नाही”नंतर काय करायचं ते सगळ्यांना पाठ होतं, पुढच्या घरी जायचं. “आहे” म्हटल्यावर काय करतात? लोक पाळकबाबांकडे पाहू लागले. पाळकबाबा ओट्यावरून उतरून आले होते, पण त्यांनाही आठवत नव्हतं, आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

शेवटी गावातली सगळ्यात म्हातारी बाई काठी टेकत पुढे आली.

“माझ्या लहानपणी पाहिलंय मी,” ती म्हणाली. “आत बोलवायचं. बसायला पाट द्यायचा. दोघांनी बोलायचं. आणि बोलणं संपेपर्यंत कुणी उठायचं नाही.”

सारजा उठली. तिने आत पाट मांडला.

“या, बाई.”

रिबकाबाई बसली आणि तिने सगळं सांगितलं. “तुझी मूठ मी कोंबड्यांना घातली, सारजा. एकदा नाही, पाच वेळा. तुझ्यासाठी झालेलं गाणं मला सोसवलं नाही. गाव तुझ्यासाठी उभं राहिलं आणि मी आतून जळले. वाटलं, मी तीस वर्षं राबले त्याचं काहीच नाही? पीठ फेकल्यावर मला बरं वाटायचं. तू रडत भाकर घ्यायचीस, तेव्हाही बरं वाटायचं. आणि दर शनिवारी मी तुला म्हणायचे, काही नाही.”

सारजाचं तोंड पांढरं पडलं. ती उठून चुलीशी गेली, नुसतीच उभी राहिली आणि परत आली.

“मला हाकलून द्यायचं होतं तर तोंडावर म्हणायचं होतं, बाई,” ती म्हणाली. “मी गेले असते. मला जायची सवय आहे. पण मी त्या मुठीच्या जोरावर उभी होते हो. तेवढंच होतं माझ्याकडे. तुम्ही ते कोंबड्यांना घातलंत?”

“हो.”

“आणि मी वेडी, तुमच्या काठवटीला हात लावून पाया पडत होते.”

रिबकाबाईला वाटलं, उठावं आणि पळून जावं. पण म्हातारीने सांगितलं होतं, संपेपर्यंत उठायचं नाही. ती बसून राहिली. सारजा रागाने रडली, ते रिबकाबाईने पाहिलं.

बऱ्याच वेळाने सारजाने डोळे पुसले. ती काहीतरी आठवत असल्यासारखी बसली होती.

“बाई,” ती हळूच म्हणाली. “मग मी पाच महिने काय खाल्लं?”

“म्हणजे?”

“माझं त्या भाकरीत काहीच नव्हतं. मूठ नव्हती, कण नव्हता. तरी मला तुकडा मिळाला. दर वेळी मिळाला.” ती थांबली. “बारा वर्षं मला वाटतंय, आपलं काहीतरी त्यात पडल्याशिवाय आपल्याला घेता येणार नाही. आणि प्रभू तर मी रित्या हाताने आले तरी मला जेवू घालत होता.”

ती हसू लागली. रडता रडताच हसू लागली. रिबकाबाई तिच्याकडे पाहत राहिली.

“तुम्हाला माझा हेवा वाटला?” सारजा म्हणाली. “मी लोकांच्या जात्यावर बसायचे ना, तेव्हा दर पहिल्या रविवारी पहाटे मनात यायचं, आत्ता रिबकाबाई भाकर थापत असतील. केवढं भाग्य! माझा जीव जळायचा, बाई. ज्या घरी रोज सण, त्या घरच्या माणसाला सण दिसतच नाही.”

दोघी बाहेर आल्या तेव्हा गल्लीत गर्दी नव्हती. सुतार कुंपण ओलांडून भावाच्या घरी पाटावर बसला होता, आणि आतून दोघांच्या भांडणाचा मोठा आवाज येत होता. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ते बोलत होते. घरोघरी पाट मांडले होते. पाळकबाबा म्हातारीच्या दारात उभे होते. “हा नेम पोकळ झाला हे मला दिसत होतं,” ते सांगत होते, “पण गाव शांत होतं, म्हणून मी गप्प बसलो.”

रविवारी भाकर थापून झाल्यावर रिबकाबाईने काठवट उचलून देवळात नेली आणि सगळ्यांसमोर मेजाशी ठेवली. जे सारजाला सांगितलं, ते गावालाही सांगितलं. “आता ही दुसऱ्या कुणाकडे द्या,” ती म्हणाली आणि अगदी मागच्या चटईवर जाऊन बसली. तिच्यासाठी कुणी गाणं म्हटलं नाही. काहींनी तोंडं फिरवली. सुताराची बायको तर मोठ्याने म्हणाली, “तीस वर्षं हिच्या हातचं खाल्लं आपण!”

पाळकबाबांनी भाकर मोडली. ती एका चटईवरून दुसऱ्या चटईवर सरकत मागे आली. रिबकाबाईने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. शेजारी कुणीतरी येऊन बसलं. सारजा पुढून उठून आली होती.

“घ्या, बाई.”

“मी कशी घेऊ?”

“मी घेतली तशी. रित्या हाताने.”

रिबकाबाईने हात पुढे केला. तीस वर्षं ती ही भाकर करत आली होती आणि तीस वर्षं ती तिचा तुकडा गिळत आली होती. पण आपल्याला कुणीतरी वाढतंय, असं वाटून तिने ती खाल्ली ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

पुढे काठवट दर महिन्याला घर बदलू लागली. दुसऱ्या बायांनी थापलेली भाकर कधी रिबकाबाईच्या भाकरीपेक्षा चांगली व्हायची, आणि मग पोटातलं ते जुनं दुखणं पुन्हा डोकं वर काढायचं. पण आता ती थांबायची नाही. ज्या बाईची भाकर असेल तिच्या दारात शनिवारी जायची, पाट मागायची आणि सरळ सांगायची, “आहे गं बाई, मनात आहे.” त्या गावचं प्रभुभोजन तेव्हापासून नेहमी उशिरा सुरू होतं. लोकांची बोलणी संपत नाहीत.

आता बोध, एका ओळीत: प्रभूच्या मेजावर कुणीही आपल्या कमाईने जेवत नाही, म्हणून “मी चांगलाच आहे” म्हणत मनातलं झाकून बसू नये, आणि “मी वाईटच आहे” म्हणत उपाशीही राहू नये, तर ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात जाऊन खरं बोलावं.